पापण्यांनी उचलायचे मीठ

लहानपणी जेवताना मीठ सांडले की दादी ओरडायची, "उचल ते! नाहीतर कयामतच्या दिवशी पापण्यांनी उचलावं लागेल." कुराणात असे कुठेही नाही, तरी आपल्यापैकी पुष्कळांनी हे घरात ऐकले असेल. मी ती खुळी समजूत मानत असे. मिठाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा वाटले की हा धाक एखाद्या गरीब घराच्या हिशेबातून आला असावा.

चांदवड समुद्रापासून दूर, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. कोकणातल्या मिठागरांतले मीठ थळ घाट चढून वर यायचे, ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. 'लमाण' हा शब्द 'लवण' यावरूनच आला असे मानणारे पुष्कळ आहेत. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि पुढे मीठ मनमाडला मालगाडीतून उतरू लागले. लमाणांचे तांडे या धंद्यातून हळूहळू बाहेर फेकले गेले.

रेल्वेने वाहतूक स्वस्त केली, मीठ मात्र स्वस्त झाले नाही, कारण त्यावर सरकारी कर होता. १८८२ च्या कायद्याने परवान्याशिवाय मीठ तयार करणे गुन्हा ठरला. १९२३ साली कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. वर्षभरातच तो परत सव्वा रुपयावर आणावा लागला. श्रीमंताला याचे काय? मीठ दोघांनाही तेवढेच लागते. भाकरी, ठेचा आणि कांद्यावर जगणाऱ्याला तर घासाला चव देणारे दुसरे काही नसतेच.

१९३० च्या मिठाच्या लढ्यात आपले दोन म्हातारे पुढे होते. गांधीजींना अटक झाल्यावर धारासनाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश अब्बास तय्यबजी यांच्याकडे आले. वय ७६. १२ मे रोजी त्यांना पकडले. २१ मे रोजी सरोजिनी नायडूंबरोबर तुकड्या घेऊन गेले ते इमामसाहेब अब्दुल कादर बावझीर, गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे सोबती. आपल्या किती मुलांना ही नावे ठाऊक आहेत? नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून शेजारच्या बागलाणात जंगल सत्याग्रह झाला. मीठकर अखेर गेला तो १९४७ साली, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकाने. फाळणीच्या कडवटपणात ही गोष्ट कुणाला सांगावीशी वाटली नाही.

कर गेला, मीठ स्वस्त झाले, पण हाताची सवय राहिली. बकरी ईदचे गोश्त मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायचे, कैरीचे लोणचे, पापड, बाजारातले सुके बोंबील. हे सगळे टिकवण्यासाठी मीठ लागायचे. आता घरात फ्रीज आहे, जिभेला मात्र तीच चव हवी. त्यातून वय झाले की जिभेची जाण मंदावते. पूर्वीइतकेच मीठ घातलेले कालवण अळणी लागते आणि म्हातारी माणसे वरून मीठ घेतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरायचे. आपल्या देशात सरासरी माणूस याच्या दीडपट-दुप्पट खातो. रक्तदाब वाढतो तो गुपचूप. कळते तेव्हा पुष्कळदा एक हात लुळा पडलेला असतो.

दादीला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, तर तिला तो अपमान वाटला. "आयुष्यभर जपून जपून वापरलं, आता कुठं पोटभर मिळतंय," असे ती म्हणाली. तिच्या मते मीठ तोडणे म्हणजे घराशी नाते तोडणे. 'नमकहराम' ही तिची सर्वांत मोठी शिवी. आम्ही दस्तरखानावरची मिठाची वाटी उचलून ठेवली. तिने काही तक्रार केली नाही. ती गेल्यावर पानदान उघडले, तर कात-चुन्याच्या डब्यांखाली कागदाची पुडी निघाली. आत खडेमीठ होते.