शाळा, विद्यार्थी आणि भाषा : दोनशे वर्षांचा मागोवा

भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला आणि समवसरणातील प्रत्येक श्रोत्याला तो आपापल्या भाषेत उमगला, अशी जैन परंपरेची श्रद्धा आहे. या श्रद्धेत शिक्षणाचे एक मूलतत्त्व सामावलेले आहे. ज्ञान कितीही श्रेष्ठ असले, तरी ते ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरल्यावाचून त्याचे होत नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी एकच वार्ता कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. दूरदूरच्या यात्रेकरूंना ती वाचता यावी, हा त्यामागील सरळ हेतू दिसतो. शाळेच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल टाकणाऱ्या बालकाच्या वाट्याला मात्र ही सोय नेहमीच आली, असे नाही. त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

पंतोजींच्या शाळेतून छापील पुस्तकाकडे

इंग्रजी अंमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पावकी, निमकी, सवाई, दिडकी मोठ्याने घोकावी, मोडी वाचावी आणि हिशेब शिकावा, एवढाच तेथील अभ्यासक्रम असे. छडीचा धाक मोठा होता. मुली आणि बहुसंख्य जातींची मुले या शाळांबाहेरच होती. परंतु आत बसलेल्या मुलाला गुरूची भाषा परकी नव्हती.

१८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी देशी भाषांतील शिक्षणाला उत्तेजन दिले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी पंडितांच्या साहाय्याने गणितासारख्या विषयांवरील पुस्तके मराठीत आणली. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. नवे ज्ञान मराठीतून देता येते, याचा पाया अशा रीतीने घातला गेला.

वादाची ठिणगी

१८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणमंडळात पुढे माध्यमाचा मोठा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना वरिष्ठ वर्गाला इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, असे वाटे. सर्वसामान्य जनतेला शहाणे करावयाचे तर ते तिच्याच भाषेतून, असा जर्व्हिस आणि नाना जगन्नाथ शंकरशेट यांचा आग्रह होता. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने तडजोड केली : बहुजनांसाठी देशी भाषा, उच्च शिक्षणासाठी इंग्रजी. कागदावर ही वाटणी समतोल दिसली. व्यवहारात मात्र एका भाषेच्या टोकाला तलाठ्याची आणि प्राथमिक शिक्षकाची नोकरी उरली, तर दुसरीच्या टोकाला वकिली, डॉक्टरी आणि मामलेदारी.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून मराठी मागे पडली. तिला पुन्हा स्थान मिळावे म्हणून याच रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. इंग्रजी विद्येचा पहिला मानकरी मराठीचा कैवारी व्हावा, ही गोष्ट बोलकी आहे.

सामान्य विद्यार्थ्याचा मार्ग ठरलेला होता. मराठी चौथीनंतर ‘इंग्रजी पहिली’ आणि तेथून सात इयत्तांनी मॅट्रिक. इतिहास, भूगोल, बीजगणित हे सारे वरच्या इयत्तांत इंग्रजीतून. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेचे भाग पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या हा घाट चढल्या. अनेकांना विषय कळत असे, पण उत्तर लिहिता येत नसे. मग आशय बाजूला राहून वाक्ये घोकली जात. बुद्धीची परीक्षा ही अशा रीतीने भाषेची परीक्षा बनली. घाटाच्या मध्यावर थांबलेल्यांना ‘नापास’ हा एकच शब्द मिळाला.

बहुजनांची भाषा

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे ज्ञान असावे, असे त्यांनी सुचविले. कुळवाड्याच्या मुलाला त्याच्या जगण्याशी जोडलेली विद्या मिळावी, ही त्यांची दृष्टी होती. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापून मातृभाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम केले होते.

या प्रवाहात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान आगळे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापुरात शिकले; पण मॅट्रिकचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. ज्या परीक्षेने त्यांना अडविले, तिच्या बाहेर उभ्या असलेल्या हजारो मुलांसाठी त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढून खेड्यातील तरुणांनाच त्यांनी शिक्षक केले. खेड्याची बोली जाणणारा गुरुजी वर्गात उभा राहिला, की मुलाची भीती निम्मी सरते.

घरची भाषा, शाळेची भाषा

जैन समाजाच्या घरची भाषा एक नाही. दक्षिण महाराष्ट्रात मराठी, सीमेलगत कन्नड, मुंबईच्या अनेक पेढ्यांवर गुजराती, तर नगर, नाशिक, जळगाव भागांत मारवाडी ऐकू येते. मंदिरात आणि स्थानकात प्राकृत पाठ, प्रवचन हिंदीत आणि शाळा मराठीत, असा अनुभव अनेक पिढ्यांनी घेतला. यात ओझे होते, तशी श्रीमंतीही होती. हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ मध्ये सोलापुरात ‘जैन बोधक’ सुरू केले, तेव्हा समाजाच्या विचारविनिमयाला मराठीचे व्यासपीठ मिळाले. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अर्धमागधी शिकविली, प्राकृत ग्रंथांची संपादने केली, इंग्रजीत लेखन केले आणि १९६७ मध्ये श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. एक भाषा पक्की असली की दुसरी तिची वैरीण होत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

मराठी शाळेतही प्रत्येक बालकाची भाषा असतेच, असे मात्र नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. वारली बोलणाऱ्या त्या बालकांना पुस्तकातील प्रमाण मराठी परकीच होती. मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी अंगणवाडीच्या रूपाने शाळा त्यांच्या अंगणात नेली. बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून हिणविले की मूल गप्प होते, आणि गप्प झालेले मूल हळूहळू शाळेपासून दुरावते.

आजचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या आणि शेतकरी-कामकऱ्यांच्या घरांतून पदवीधरांची पहिली पिढी उभी राहिली. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे सांगितले; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत त्याचाच पुरस्कार केला. त्याच वर्षी राज्यातील सर्व शाळांत मराठी विषय कायद्याने सक्तीचा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून वादळ उठले आणि शासनाला ते आदेश मागे घ्यावे लागले. भाषेचा प्रश्न लोकांच्या किती जिव्हाळ्याचा आहे, हे त्यातून दिसले.

तरीही पालकांची पावले इंग्रजी माध्यमाकडे वळतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु मॅट्रिकच्या घाटावर अडलेल्या पूर्वजांची आठवणच त्यांना तिकडे नेत असते. इंग्रजी हवीच. मात्र तिच्यासाठी घरची भाषा टाकून द्यावी लागत नाही. ज्या घरात आजी-आजोबांचे पत्र नातवंडांना वाचता येत नाही आणि रोज म्हटल्या जाणाऱ्या पाठाचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही, त्या घराने काय गमावले, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते.

सायंकाळी अर्धा तास मुलाशी घरच्या भाषेत बोलावे, त्याच्याकडून एखादी गोष्ट वाचून घ्यावी, त्याने विचारलेल्या प्रश्नाला त्याच भाषेत उत्तर द्यावे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे. समवसरणातील श्रोत्याला जे सहज लाभले, ते आजच्या बालकाला मिळवून देणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.