तळ्याच्या जागी वसलेले नगर

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हा माणसाचा भूगोलाचा खरा शिक्षक असतो. त्या हुकुमानेच मी चेन्नईस गेलो आणि तेथील टी. नगर या जुन्या वस्तीत भाड्याने राहू लागलो. पुढे तेथेच एक जुना फ्लॅट विकाऊ असल्याचे कळले. भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक आणि पत्नीची बचत यांची बेरीज जेमतेम त्या किमतीपर्यंत पोहोचत होती. आयुष्यात एकदाच करावयाचा व्यवहार, म्हणून कागदपत्रे स्वतः वाचावयाची असे मी ठरविले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम तेथील भाषा शिकावी लागली. आपण जमीन गुंठ्याने मोजतो. चेन्नईत ती ‘ग्राउंड’ने मोजतात. एक ग्राउंड म्हणजे 2,400 चौरस फूट, आपल्या सव्वादोन गुंठ्यांहून किंचित कमी. जमिनीवर कर्जाचा वा गहाणाचा बोजा नाही, हे दाखविणाऱ्या दाखल्याला तमिळमध्ये विल्लंगाचा दाखला म्हणतात. आणि व्यवहारात विल्लंगम म्हणजे लचांड! तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा. फ्लॅट घेणाऱ्याच्या नावे खरेदीखतात जमिनीचा ‘अविभक्त हिस्सा’ लिहिलेला असतो. माझ्या वाट्याला साडेचारशे चौरस फूट येत होते. परंतु ते नेमके कोठले, हे दाखविता येत नाही. सर्वांची जमीन सर्वांमध्ये मिसळलेली असते.

खरेदीखतांची साखळी मी मागे मागे नेत गेलो. प्रत्येक दस्तात पूर्वीच्या मालकाचे नाव होते. पण सर्वांत पहिल्या मालकाच्याही आधी त्या जागेवर कोण होते, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर इतिहासात मिळाले. त्या जागेवर पाणी होते.

माउंट रोडच्या, म्हणजे आजच्या अण्णा सलईच्या पश्चिमेस, नुंगंबाक्कमपासून सैदापेटच्या बाजूस एक लांबच लांब जलाशय पसरलेला होता. इंग्रज त्याला ‘लाँग टँक’ म्हणत. तमिळ देशातील ‘एरि’ म्हणजे पावसाचे पाणी बांध घालून अडविलेले उथळ तळे. एका तळ्याचे ओसंडलेले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात आणि शेवटी नदीत जाई. सपाट प्रदेशात पाण्याचा निचरा कसा करावा, हे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला दिलेले शहाणपण होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाढत्या मद्रासला राहावयास जागा हवी होती. 1920 साली मद्रास प्रांतात नगररचनेचा कायदा झाला. त्याच वर्षी जस्टिस पक्ष सत्तेवर आला. महाराष्ट्रात ज्या काळी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने ब्राह्मणेतर चळवळ उभी होती, त्याच काळातील हा दक्षिणेतील प्रवाह. पानगलचे राजे 1921 ते 1926 या काळात मुख्य मंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत मांबलम येथे ही नवी वसाहत आखली गेली, आणि तळ्याचा तळ रस्त्यांना व भूखंडांना मिळाला.

त्या पक्षाची सारी नामावळी येथे पाट्यांवर आढळते. मध्यभागी पानगल पार्क. शेजारी उस्मान रोड. 1916 साली पक्ष स्थापन करणारे तिघेही येथे भेटतात. डॉ. नायर यांचा रस्ता, डॉ. नटेश मुदलियार यांचे उद्यान, आणि सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे तर अवघे नगरच. ‘टी.’ हे अक्षर त्यांचेच. 1920 साली मंत्रिमंडळ बनविण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले होते. ज्याने पद घेतले नाही, त्याला नगर मिळाले.

मुंबईकरांना हा काळ परका वाटू नये. याच सुमारास दादर-माटुंग्याच्या वसाहती आकार घेत होत्या. शिवाजी पार्कचे मैदानही 1925 चेच. या नगररचनेच्या विचारामागे पॅट्रिक गेडिस हे नाव ठळक आहे. ते 1914 साली हिंदुस्थानात आले, मद्रासेत त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन भरले आणि 1919 साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्या शहरांतील तळी बुजवू नका, ती स्वच्छ राखा, असे हा माणूस आग्रहाने सांगत असे. नव्या वसाहतींची कल्पना लोकांनी उचलली. तळ्यांविषयीचा सल्ला मात्र मागे राहिला. मुंबईतही धोबी तलाव आणि गोवालिया टँक ही नावेच उरली आहेत. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आहे. तेथून सरोवर दिसत नाही.

वस्ती मात्र बहरली. 1928 साली नल्लींचे रेशमी वस्त्रांचे दुकान निघाले. 1931 साली विजेची उपनगरी गाडी मांबलम स्थानकातून धावू लागली. पुढे पाँडी बाजार आणि रंगनाथन स्ट्रीट यांनी शांत बंगल्यांच्या या नगराला देशातील एका मोठ्या बाजारपेठेचे रूप दिले. बंगले पडले, मजले चढले. प्रत्येक ग्राउंडाची किंमत सोन्याच्या तोलाची झाली.

आणि पाणी? ते आपला पत्ता विसरले नाही. 2015 च्या अखेरीस चेन्नईवर महापूर कोसळला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये टी. नगरातील रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. या भागाचा निचरा मांबलम कालव्यातून अड्यार नदीकडे होतो. तो तुंबला की तळे पूर्ववत उभे राहते.

ज्यांचा फ्लॅट मी पाहत होतो, त्या वृद्ध सद्गृहस्थांना मी धीर करून विचारले, “येथे पाणी येते का?” त्यांनी मला तळमजल्यावर नेले. जिन्याखालच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर एक पिवळट रेघ होती. ती रंगाने झाकली नव्हती. ते म्हणाले, “पाणी आमच्याकडे येत नाही हो. आम्हीच त्याच्याकडे राहायला आलो आहोत.”

मी तो फ्लॅट घेतला. रेघ लपविणाऱ्या दहा जणांपेक्षा ती दाखविणारा एक विक्रेता मला अधिक विश्वासाचा वाटला. परंतु खरेदीखतावर सही करताना ‘अविभक्त हिस्सा’ या शब्दांचा अर्थ मला नव्याने कळला. जमीन जशी वाटून घेता येत नाही, तसे तिच्यावरून वाहणारे पाणीही वाटून घेता येत नाही. माझ्या दाराशी तुंबलेला गाळ हा खालच्या गल्लीतील कुणाच्या तरी घरातला पूर असतो. म्हणून दरवर्षी ईशान्य मोसमी पावसाच्या आधी, ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी, आम्ही इमारतीतील मंडळी वर्गणी काढून आमच्या आवारातील गटारे उपसून घेतो आणि रस्त्याच्या नाल्यासाठी महापालिकेकडे अर्ज देतो. काम फार मोठे नाही.

जुन्या वस्तीत घर घेणाऱ्याने खरेदीखत पाहावे, बोजाचा दाखला पाहावा, आणि तिसरा एक कागदही पाहावा: त्या गावाचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा. कोणत्याही कार्यालयात तो आपल्याला मागत नाहीत. पण सर्वांत जुन्या मालकाचे नाव त्याच्यावरच लिहिलेले असते.