अक्षयनीवी : मुद्दल कुणाचे, व्याज कुणाचे?

मंडळी, 'शाश्वत विकास' हा शब्द मला जरा खटकतो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला शाश्वत म्हटले की आत्मा आठवतो, कारखाना नाही. (हशा) पण त्यामागचा विचार आपल्याकडे दगडात कोरलेला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्याने 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. 2000 एकीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण. आता हिशेब करा. 2000 वर वर्षाला 240. लेण्यात 20 भिक्खू, प्रत्येकाला कापडासाठी 12. बरोब्बर जुळते! आणि अट अशी, की मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ही 'अक्षयनीवी'. हे सगळे निगमसभेत, म्हणजे शहराच्या सभेत, जाहीर करून नोंदवले.

आपल्या जुन्नरलाही तेच. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी होत्या. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पोढी, म्हणजे कातळातले पाण्याचे टाके, दान दिले. नाणेघाटाच्या व्यापारावर वाढलेले शहर ते. पैसा आला तसा पाण्यावरही खर्च झाला.

आता आपल्याकडे या. तालुक्याचे नाव आंबेगाव, आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. त्या पाण्यावर खाली शेती पिकते, हे खरेच. पण त्या गावाचे गेले ते व्याज नव्हते, मुद्दल होते.

याच रस्त्याने पुण्याकडे निघालात की चाकण, मग पिंपरी-चिंचवड. 1970 साली नगरपालिका, 1982 साली महानगरपालिका. पवना धरणातून शहराला बंद नळाने पाणी न्यायचे ठरले. 9 ऑगस्ट 2011 ला मावळात बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात तिघे गेले. शहराने पाणी मागणे गैर नाही हो. तिथेही माणसेच राहतात. पण माझ्या मते अंदाजपत्रकात उड्डाणपुलाच्या आधी एक ओळ हवी : धरणाकडच्या गावांना दरवर्षी किती द्यायचे. आणि ती रक्कम त्या गावांच्या ग्रामसभेत आकड्यासकट वाचली जावी. दुसरे काम म्हणजे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायचे. तेवढे धरणातून कमी उचलावे लागेल.

उद्या कारखाने मंचर-कळंबपर्यंत सरकले, तर हा हिशेब आपण जमीन देण्याआधी मागायचा आहे, नंतर नाही.