अश्वशिबिरस्थळ

अश्वशिबिरस्थळ म्हणजे स्वारांना आपल्या घोड्यांसह एक किंवा अधिक रात्री मुक्काम करता यावा अशी सोय असलेली उघड्यावरील जागा होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राष्ट्रीय वने, राष्ट्रीय उद्याने व राज्य उद्याने यांत अशी स्थळे राखून ठेवलेली असून ती 'हॉर्स कॅम्प' या नावाने ओळखली जातात. सामान्य शिबिरस्थळावर तंबूपुरती सपाट जागा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह असले म्हणजे काम भागते. अश्वशिबिरस्थळावर याखेरीज घोडे सुरक्षित बांधण्याची व्यवस्था, मुबलक पाणी, लांब वाहने वळवता येतील असा रस्ता आणि लीद टाकण्याची सोय आवश्यक असते.

घोडा हा कळपात राहणारा आणि धोक्याची चाहूल लागताच पळ काढणारा प्राणी आहे. त्याला ओकारी येत नाही, त्यामुळे चुकीचे खाणे पोटात गेल्यास ते बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्या शरीराजवळ नसतो. या दोन कारणांमुळे जागेची निवड चुकल्याचा परिणाम गैरसोयीपुरता मर्यादित राहत नाही. पोटशूळ, विषबाधा, दोरात अडकून होणारी इजा किंवा रात्री घोडा सुटून रस्त्यावर जाणे अशा प्राणघातक घटना त्यातून संभवतात. म्हणूनच स्थळ निवडताना प्रथम घोड्याची गरज आणि नंतर माणसाची सोय असा क्रम मानला जातो.

इतिहास

घोड्यांसह मुक्काम करण्याच्या जागेचा विचार प्रामुख्याने घोडदळाच्या गरजेतून झाला. रोमन लेखक व्हेजिशियस याने आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात तळासाठी जळण, वैरण व पाणी विपुल असलेली, आरोग्यदायी आणि पुराच्या पाण्यापासून सुरक्षित जागा निवडण्याचा सल्ला दिला आहे.

मराठ्यांच्या सैन्यव्यवस्थेत घोडदळाला मध्यवर्ती स्थान होते. सरकारी घोड्यांवर स्वारी करणारे ते बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारे ते शिलेदार. मोहिमा सामान्यतः दसऱ्यानंतर निघत व पावसाळ्यात फौजा छावणीस येत. चिपळूण परिसरातील पागेच्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणा व गवत बेहिशेबी खर्च केल्यास ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग फौजेचा उपद्रव रयतेला होईल, असा इशारा त्यात दिलेला आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नये, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदराने पेटती वात ओढून नेली तरी गवताला आग लागून घोडी दगावतील, असेही त्यात बजावले आहे. वैरणीचा हिशेब, आगीपासून संरक्षण आणि आसपासच्या लोकांना उपद्रव न होणे ही त्यातील तिन्ही सूत्रे आजच्या अश्वशिबिरस्थळांच्या नियमांतही आढळतात.

वैरणीचा पुरवठा तुटल्यास तळाची काय अवस्था होते, याचे उदाहरण पानिपतच्या तिसऱ्या लढाईपूर्वी दिसून आले. १७६० च्या अखेरीस पानिपत येथे कोंडल्या गेलेल्या मराठा तळावर अन्न व चारा यांचा तुटवडा निर्माण झाला, जनावरे मोठ्या संख्येने मेली व उरलेली दुर्बळ झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पराभवाच्या कारणांत या उपासमारीचाही समावेश केला जातो.

आधुनिक अश्वशिबिरस्थळे

विसाव्या शतकात मोटारींच्या प्रसारामुळे घोड्याचा प्रवासातील उपयोग घटला, परंतु छंद म्हणून दूरच्या पायवाटांवर स्वारी करण्याची प्रथा अमेरिकेत टिकून राहिली. १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने संरक्षित केलेल्या क्षेत्रांत मोटारगाड्यांना सामान्यतः बंदी असल्यामुळे तेथे सामान वाहून नेण्यासाठी घोडे व खेचरे यांचे महत्त्व कायम राहिले. अशा क्षेत्रांत घोडेस्वारीचा हक्क टिकविणे व पायवाटांची निगा राखणे या हेतूने १९७३ मध्ये मोंटाना राज्यात 'बॅक कंट्री हॉर्समेन' ही संघटना स्थापन झाली.

या स्थळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात वाहनासह पोहोचता येते व खुंटे, कठडे, पाण्याचे हौद अशा सोयी तयार असतात. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातील कॅटालूची व अँथनी क्रीक, तसेच टेनेसी व केंटकी राज्यांच्या सीमेवरील बिग साउथ फोर्क क्षेत्रातील स्टेशन कॅम्प व बेअर क्रीक ही या प्रकारची उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रकारात स्वार घोड्यावरून दुर्गम भागात जातात व सर्व व्यवस्था स्वतः करतात.

निवडीचे निकष

पाणी

सुमारे ५०० किलो वजनाच्या प्रौढ घोड्याला दिवसाला साधारणपणे २५ ते ५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात व श्रमानंतर हे प्रमाण वाढते. चार घोड्यांच्या तळाला दोन दिवसांत चारशे लिटरपर्यंत पाणी लागू शकते. त्यामुळे नळ, हातपंप किंवा बारमाही ओढा जवळ असणे ही पहिली अट ठरते. उन्हाळ्याच्या अखेरीस ओढे आटतात, तर हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून बंद ठेवले जातात. म्हणून नकाशावरील नोंदीवर न विसंबता स्थळाच्या व्यवस्थापनाकडे आधी चौकशी करणे इष्ट असते. काही घोडे अनोळखी वासाचे पाणी पीत नाहीत. पाणी कमी प्यायल्याने आतड्यात चारा साचून पोटशूळ उद्भवू शकतो, यासाठी अनेक स्वार घरचे पाणी सोबत नेतात. सार्वजनिक हौदाऐवजी स्वतःच्या बादलीतून पाणी पाजल्यास संसर्गजन्य रोगांचा धोका कमी होतो.

वैरण व चंदी

घोड्याला दररोज आपल्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजेच ५०० किलोच्या घोड्यास ८ ते १० किलो. आहारात अचानक बदल झाल्यास पोटशूळ किंवा खुरांचा दाह होण्याची शक्यता असते. त्यामुळे शिबिरस्थळावरील हिरवे कुरण आकर्षक दिसले तरी त्याची सवय नसलेल्या घोड्याला त्यात मोकळे सोडणे धोक्याचे असते. नवा चारा आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत द्यावा लागतो.

पश्चिम अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत केवळ तणबीजमुक्त असल्याचे प्रमाणित झालेला चाराच नेता येतो. घोड्याच्या पोटातून तणांचे बी लिदेवाटे नव्या प्रदेशात पसरू नये, हा त्यामागील हेतू आहे. पोटातील जुना चारा निघून जावा म्हणून असा चारा प्रवासापूर्वी काही दिवस घरीच सुरू केला जातो. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. ते घोड्यांना अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे वाटेत मिळेल ते पशुखाद्य घेणे टाळले जाते.

भूमी

तळाची जमीन पाण्याचा निचरा होईल इतपत उताराची, खडे, तारा व काचा नसलेली असावी. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला काही काळ आडवे पडावे लागते. खडकाळ किंवा चिखलाच्या जागी तो आडवा पडण्याचे टाळतो व दुसऱ्या दिवशी थकलेला राहतो. कोरडे नदीपात्र अचानक येणाऱ्या पुरामुळे, तर उघडा कडा व एकटे उंच झाड विजेमुळे धोक्याचे असते. वाळलेल्या किंवा कलंडलेल्या झाडांखाली घोडे बांधले जात नाहीत. उष्ण प्रदेशात दुपारच्या सावलीला, तर थंड प्रदेशात वाऱ्याच्या आडोशाला महत्त्व दिले जाते.

बांधण्याची व्यवस्था

तयार कठडे असल्यास त्यांची उंची, फटी, खिळे व कडीकोयंडे तपासले जातात. ते नसल्यास पुढील पद्धती वापरल्या जातात.

- उंच दोर: दोन बळकट झाडांमध्ये घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच, म्हणजे सुमारे दोन मीटरांवर दोर ताणून त्याला घोडे बांधतात. 'हायलाइन' या नावाने ती प्रचलित आहे. सालीला इजा होऊ नये म्हणून झाडाभोवती रुंद पट्टे गुंडाळतात. घोड्याला मान खाली नेता यावी, मात्र दोरावरून पाय पलीकडे जाऊ नये, इतकीच दोराची लांबी ठेवतात.
- मेख: जमिनीत मेख ठोकून लांब दोराने घोडा चरण्यास बांधतात. मेख उपटली गेल्यास ती घोड्यामागे फरफटत जाऊन तो अधिकच उधळतो, त्यामुळे सवय नसलेल्या घोड्यासाठी ही पद्धत योग्य नाही.
- पायबंद: पुढचे दोन पाय सैलसर जोडून घोड्याला चरण्यास सोडतात. सरावलेले घोडे पायबंदासह उड्या मारीत बरेच दूर जाऊ शकतात.
- सुटे कुंपण: लोखंडी नळ्यांचे कठडे किंवा बॅटरीवर चालणारे विद्युत कुंपण उभारतात.

कोणत्याही पद्धतीची सवय घोड्याला घरीच लावणे आवश्यक असते. भारतीय पागांमध्ये पुढील बाजूस अगाडी व मागील पायांस पिछाडी बांधण्याची पद्धत रूढ आहे. ओळीने बांधलेल्या घोड्यांनी एकमेकांना लाथा मारू नयेत, हा तिचा उद्देश होय. अनोळखी घोडे शेजारी बांधल्यास भांडणे होतात. विशेषतः शिबिरात खच्ची न केलेला घोडा असल्यास माद्यांपासून त्याला दूर ठेवावे लागते, आणि काही स्थळी अशा घोड्यांना प्रवेशच नसतो.

विषारी वनस्पती

उत्तर अमेरिकेत तांबड्या मेपलची सुकलेली पाने घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, तर काळ्या चेरीच्या कोमेजलेल्या पानांत सायनाइड निर्माण होते. वादळानंतर तुटून पडलेल्या फांद्या म्हणूनच अधिक घातक असतात. यू वृक्ष व जल-हेमलॉक हेही अत्यंत विषारी आहेत. भारतात व इतर उष्ण प्रदेशांत शोभेसाठी लावली जाणारी कण्हेर घोड्यांना प्राणघातक आहे, आणि घाणेरीमुळेही विषबाधा होते. बांधलेला घोडा कंटाळून तोंडाजवळचे काहीही कुरतडतो, त्यामुळे घोडे बांधण्यापूर्वी त्यांच्या तोंडाच्या टप्प्यातील झुडपे ओळखणे गरजेचे ठरते.

कीटक व वन्य प्राणी

दलदल व साचलेले पाणी यांजवळ डास व गोमाश्यांचा उपद्रव अधिक असतो. अस्वलांचा वावर असलेल्या क्षेत्रांत माणसांच्या अन्नाप्रमाणेच चंदीही अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे.

रस्ता

मालवाहू गाडी व घोड्यांचा ट्रेलर यांची एकत्रित लांबी १५ मीटरांहून अधिक असू शकते. अरुंद घाटरस्ते, कमी क्षमतेचे पूल आणि वळण्यास जागा नसलेली टोके यांची माहिती निघण्यापूर्वी घ्यावी लागते. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी जागा सर्वांत सोयीची असते. आजारी घोडा रात्री हलविण्याची वेळ आल्यास हीच बाब निर्णायक ठरते. जवळचा पशुवैद्य व दूरध्वनीची उपलब्धता यांचाही याच दृष्टीने विचार होतो.

आरोग्यविषयक अटी

अमेरिकेत अनेक अश्वशिबिरस्थळी 'कॉगिन्स' चाचणीचे नकारात्मक प्रमाणपत्र मागितले जाते. लेरॉय कॉगिन्स या पशुवैद्यकाच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी आहे. गोमाश्यांद्वारे पसरणाऱ्या या विषाणुजन्य रोगावर उपचार नाही. बाधित घोड्याला आजन्म विलग ठेवावे लागते किंवा दयामरण दिले जाते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घोडा नेताना पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्रही सामान्यतः आवश्यक असते.

भारतात गोमाश्यांद्वारे पसरणारा सर्रा आणि माणसांनाही होऊ शकणारा ग्लँडर्स हे घोड्यांचे महत्त्वाचे रोग आहेत. ग्लँडर्स आढळलेल्या भागात घोड्यांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले जातात. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगांचे निदान व संशोधन होते.

पर्यावरणीय परिणाम

एका घोड्याची लीद व मूत्र मिळून दिवसाला सुमारे २० किलो भरते. एकाच जागी अनेक दिवस बांधलेले घोडे खुरांनी माती उकरून झाडांची मुळे उघडी पाडतात व सालही कुरतडतात. त्यामुळे घोडे थेट झाडाच्या बुंध्याला न बांधणे, पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर बांधणे आणि निघताना लीद गोळा करणे किंवा दुर्गम भागात ती विखरून टाकणे असे नियम प्रचलित आहेत. उकरलेले खड्डे बुजविणे व उरलेली वैरण उचलणे हीदेखील स्वाराची जबाबदारी समजली जाते. या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास पदयात्रींच्या तक्रारी वाढून पायवाटा घोड्यांसाठी बंद होण्याची शक्यता असते.

भारतातील परंपरा

भारतात छंद म्हणून घोड्यांसह शिबिरे भरविण्याची प्रथा मर्यादित आहे. परंतु घोड्यांसह उघड्यावर मुक्काम करण्याची परंपरा यात्रा व बाजार यांतून चालू आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारात व्यापारी व अश्वपालक घोड्यांसह अनेक दिवस मुक्काम करतात. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून टप्प्याटप्प्याने मुक्काम करीत आळंदीस येतात व पुढे पंढरपूरपर्यंत जातात. अशा मुक्कामांतही पाणी, वैरण, सावली आणि दावणीची सुरक्षित जागा यांची तजवीज आधी करावी लागते.

हेही पाहा

- घोडा
- घोडदळ
- पागा
- पोटशूळ
- सारंगखेडा