कपाट येण्यापूर्वी

दर भाऊबीजेला केदारनाथाच्या देवळाची कपाटे बंद होतात. वर्तमानपत्रात ही बातमी आली की आमच्या घरातील लहान मंडळी हमखास विचारतात, "देवाला कपाट कशाला हवे?" त्यांचे काही चुकत नाही. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपले कवाड हे त्याच शब्दाचे दुसरे रूप. हिंदीने मूळ अर्थ सांभाळला. मराठीने मात्र दाराचे नाव उचलले आणि दारामागच्या सगळ्या संसाराला देऊन टाकले.

असे का झाले असावे याचे उत्तर जुन्या वाड्यात गेल्यावर सापडते. तिथे सुटे, पायांवर उभे असे कपाट सहसा दिसत नाही. दिसते ते फडताळ. हात-दोन हात जाडीची भिंत, तिच्यात सोडलेली पोकळी, आत दोन फळ्या आणि बाहेर दोन दारे. म्हणजे डोळ्यांना दिसायचे ते नुसते कपाटच! शेजारी दिव्यासाठी कोनाडा, पागोट्यासाठी खुंटी, दुधादह्यासाठी शिंके, धान्यासाठी बळद किंवा जमिनीतले पेव, डाळी-कडधान्यांसाठी मडक्यांची उतरंड. घर हेच एक मोठे कपाट होते आणि माणसे त्याच्या आत राहात होती.

याचे कारण दारिद्र्य नव्हे. ज्यांच्या दिवाणखान्याला नक्षीचे सागवानी खांब होते, त्यांना चार फळ्यांचे कपाट जड नव्हते. पण आपली बैठक जमिनीवरची. बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे वस्तू हवी. पुरुषभर उंचीचे कपाट खुर्चीवर बसणाऱ्यांच्या घरात शोभते. मांडी घालून बसणाऱ्याला ते डोक्यावर उभे राहिल्यासारखे वाटते. शिवाय भिंतीतले फडताळ उचलून नेता येत नाही, ही एक मोठी सोय होती आणि तीच एक मोठी अडचणही होती. घर सोडून निघायची पाळी आली तर काय? त्यासाठी होती पेटी.

पेटीचे घराणे फार जुने. कुंतीने कर्णाला नदीत सोडले ते मंजूषेत, आणि पाणी शिरू नये म्हणून ती मेणाने लिंपून. सौराष्ट्रात नवरीबरोबर पाठवायच्या मोठ्या, पितळी पत्र्याने मढवलेल्या पेटीला मजूस म्हणतात. ते या मंजूषेचेच नाव. संदूक अरबीतून आली. पेटाऱ्याविषयी तर मराठी वाचकाला काही सांगायला नकोच. 17 ऑगस्ट 1666 रोजी शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले. ते पेटाऱ्यात बसून की पेटारा वाहणाऱ्याच्या वेषात, यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. पण त्या वादात दोन्ही पक्षांना पेटारा हवाच असतो.

कागदपत्रांचीही तीच तऱ्हा. पेशव्यांच्या दप्तरातले कागद खणांत किंवा कप्प्यांत रचलेले नव्हते. ते कापडी रुमालांत बांधलेले होते. गाठ मारली की दप्तर चालू लागले. गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग प्रसिद्ध केले, ते असे हजारो रुमाल सोडून पाहिल्यावर.

आता गंमत अशी, की ज्या काळी आम्ही रुमालाच्या गाठी मारीत होतो, त्याच काळी आमच्या शेजारी, गोव्यात, अत्यंत देखणी खणांची कपाटे तयार होत होती. सतराव्या शतकातली ही कपाटे पोर्तुगीजांत कोंतादोर म्हणून ओळखली जातात. अंग सागवानाचे, त्यावर शिसवी-आबनुसाची जडणघडण, मध्ये हस्तिदंताचे ठिपके. वर्तुळात वर्तुळ अडकवलेली नक्षी अशी दाट, की डोळा कुठे ठरत नाही. समोर खणच खण. त्यांतही एक लबाडी आहे: बाहेरून दोन दिसतात ते पुष्कळदा आतून एकच असते. आणि खाली पायांच्या जागी कोरलेल्या नागकन्या, कपाटाचे सगळे ओझे आपल्या अंगावर घेऊन उभ्या. कल्पना लिस्बनची आणि हात इथल्या सुतारांचे. मला या नागकन्यांचे फार कौतुक वाटते. परदेशी गिऱ्हाइकाच्या फर्माईशीत आपल्या सुताराने आपला देव हळूच बसवून दिला. ही कपाटे जहाजांवर चढून पोर्तुगालात गेली. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचे उत्तम नमुने आहेत. आमच्या घरात मात्र त्या सुताराच्या हातचा खण आला नाही. त्या फिरंग्यांकडून आम्ही घेतली ती फक्त चावी. हा शब्द त्यांच्या 'शावी'वरून आला. अलमारीही त्यांचीच, आणि तिचे मूळ लॅटिन, शस्त्रे ठेवण्याच्या जागेचे.

चावी हा शब्द आला आणि मला आजीची आठवण झाली. तिची पेटी सागवानी होती, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. फळ्यांची टोके एकमेकांत बोटे अडकवावीत तशी बसवलेली. झाकण उघडले की कापराचा आणि जुन्या लुगड्यांचा मिळून एक वास येई. आत डाव्या बाजूला उथळ कप्पा, आणि तो उचलला की खाली चोरकप्पा. ती लग्न होऊन आली तेव्हा ही पेटी तिच्याबरोबर आली. तीस माणसांच्या घरात तिच्या मालकीची जागा म्हणाल तर तेवढीच, दीड हात बाय अडीच हात.

आपल्या शास्त्रकारांना हे ठाऊक होते. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, त्यांत एक अध्यावाहनिक: माहेराहून नेली जात असताना तिला मिळालेले धन. म्हणजे जवळजवळ पेटीच म्हणा. याज्ञवल्क्याने मात्र पेटीला एक भोकही ठेवले. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या गोठ्यात दोन बैल उरले होते आणि वैरण संपली होती. आजोबांनी काही मागितले नाही. आजीनेच कमरेची किल्ली काढली, चोरकप्पा उचलला आणि पाटल्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. बैल वाचले. पाटल्या परत आल्या नाहीत, आणि त्यांचा विषयही पुन्हा निघाला नाही. त्याआधी सोळा वर्षे, 1956 साली, हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली होती. ही गोष्ट आमच्या घरात कोणाला ठाऊक होती असे मला वाटत नाही.

तोवर पेटीचे दिवस भरतच आले होते. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली, 1902 साली तिजोरी केली, आणि त्यांच्या कारखान्यातून 1923 साली पोलादी कपाट बाहेर पडले. पुढे कोणाच्याही कारखान्याचे असो, लोखंडी कपाट म्हणजे 'गोदरेजचे कपाट' असे मराठीत ठरून गेले. वाळवी नाही, उंदीर नाही, कुलूप भक्कम, दारावर आरसा. लग्नात मुलीला पेटीऐवजी कपाट जाऊ लागले. सोय झाली यात शंका नाही. पण ते कपाट दोघांच्या खोलीत दोघांचे म्हणून उभे राहिले, किल्ल्याही दोन आल्या, आणि आतल्या लहानशा खणाला तेवढे तिचे म्हणायचे.

जुन्या पेट्या आता मुंबईच्या चोरबाजारात भेटतात. पुष्कळांच्या झाकणावर काच बसवून चहाचे मेज केलेले असते. मला ते बघवत नाही, पण लाकूड जळणात जाण्यापेक्षा बरे म्हणून गप्प बसतो. विकत घ्यायची झाली तर एवढे पाहावे: पट्ट्यांचे खिळे जुने आहेत की नवे, तळाची फळी बदलली आहे काय, आणि डावीकडचा कप्पा बाहेरच्या उंचीपेक्षा उथळ लागतो काय. उथळ लागला तर खाली चोरकप्पा आहे असे समजावे. दुकानदाराला तो बहुधा ठाऊक नसतो.

ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांनी पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. तिथे घरातल्याच वस्तू जिवापाड जमवलेल्या आहेत. दिवाळीच्या सुटीत मुलांना न्यायचे तर हाताशी अर्धा दिवस ठेवावा, आणि जमल्यास घरातल्या सर्वांत वडील बाईला बरोबर न्यावे. कुंकवाच्या करंड्यांपाशी आणि फणेरपेट्यांपाशी ती थांबेल. तिला घाई करू नये.