साथीला बिली प्रेस्टन

दार जड आहे, खांदा लावा. आत शिरताना कोपऱ्यातली केबलची गुंडाळी उचलून घ्या. हातात केबल असलेल्या माणसाला स्टुडिओत कुणी हटकत नाही. 1963 सालीही नाही. हॉलिवूडमधला आरसीए व्हिक्टरचा स्टुडिओ, फेब्रुवारीचा महिना. गायक सॅम कुकच्या 'नाइट बीट' या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण चाललंय. व्हायोलिनांचा ताफा नाही, कोरस नाही, मोजकीच माणसं. पियानोवर रेमंड जॉन्सन बसलाय. आणि पलीकडे, लिहायच्या मेजासारख्या दिसणाऱ्या एका धुडामागे, एक पोरगा. वय सोळा. नाव बिली प्रेस्टन.

ऑर्गन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकातली पायपेटी येत असेल: पाय भात्यावर आणि नजर वर, नटाच्या ओठांवर. या हॅमंड ऑर्गनला भाता नाही. आत विजेच्या मोटरवर फिरणारी 91 दातेरी चक्रं आहेत, प्रत्येकासमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं. सुरू करायलाही दोन बटणं. पहिलं सात-आठ सेकंद धरून ठेवायचं, चक्रांनी गती घेतली की दुसरं. घाई केली तर मोटर बसते. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो; लहान-मोठा करायचा तो उजव्या पायाने. बोट उचललं की सूर जागच्या जागी संपतो, पियानोसारखा रेंगाळत नाही. म्हणून पोराची बोटं बघा. पट्टी दाबलेलीच आहे, पण तिच्यावरचं बोट बदलतंय. तिसरं निघतं आणि अंगठा तिथे येतो, पुढच्या सुरासाठी हात मोकळा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

शेजारी कपाटाएवढा खोका आहे, तो लेस्ली. त्यात वर कर्णा आणि खाली पिंप, दोन्ही गोल फिरतात. हळू फिरवले की सूर डोलतो, वेगाने फिरवले की थरथरतो. हळूवरून वेगावर जातानाचे जे दोन-चार क्षण असतात, त्यांच्यावर ऑर्गनवाले जीव टाकतात.

'लिटल रेड रूस्टर' सुरू झालं. सॅम कुत्र्यांच्या भुंकण्याचं गातो आणि ऑर्गनमधून कुत्रं भुंकतं. गाणारा आणि वाजवणारा, दोघांनाही त्याची मजा येतेय. पण कान द्यायचा तो त्याच्या अलीकडे-पलीकडे. सॅम गात असताना पोरगा जवळजवळ काही करत नाही. ओळ संपली, सॅमने श्वास घेतला, की तेवढ्या फटीत शिरतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर पडतो. सोळाव्या वर्षी ज्याला इतकं येतं, त्याला इतकंच वाजवून थांबणंही येतं, याचं मला जास्त नवल वाटतं. त्या वयात हाताला खाज फार असते.

हे कुठून आलं ते बघायला सहा वर्षं मागे जाऊ. 1957, नॅट किंग कोलचा टीव्हीवरचा कार्यक्रम. अकरा वर्षांचा बिली ऑर्गन वाजवत खुद्द कोलबरोबर गातोय, आणि कोलच्या चेहऱ्यावरचं हसू कॅमेऱ्यापुरतं दिसत नाही. संगीताची रीतसर शिकवणी त्याला कधी लागली नाही. पियानोवर सराव करणाऱ्या आईच्या मांडीवर तो तीन वर्षांचा असल्यापासून बसायचा. दहाव्या वर्षी भक्तिगीतं गाणाऱ्या महालिया जॅक्सनच्या मागे ऑर्गन वाजवून झाला होता. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ऑर्गनवाल्यापुढे कागद नसतो. प्रवचन बोलण्यातून गाण्यात कधी शिरेल हे प्रवचन करणाऱ्यालाच माहीत नसतं. ऑर्गनने मात्र तयार असायचं. वाक्याच्या शेवटी हुंकार भरायचा, आवाज चढला की चढायचं, मंडळी उठून नाचू लागली की ठेका धरून ठेवायचा. ज्याचा पाया असा पडला, त्याला सॅम कुकच्या श्वासाची जागा कुणी दाखवावी लागत नाही.

आता 8 ऑक्टोबर 1962, इंग्लंडमधलं डॉनकॅस्टर. विंगेत उभे राहा. लिटल रिचर्डने पाच वर्षांपूर्वी रॉक अँड रोल सोडून देवाची वाट धरली होती, त्यामुळे त्याच्या साथीला बिली आलाय तो भक्तिगीतांच्या दौऱ्यावर. पहिल्या खेळात भक्तिगीतंच झाली आणि लोक थंड बसून राहिले. मग उशिरा पोचलेल्या सॅम कुकने दुसऱ्या खेळात सभागृह डोक्यावर घेतलं. रिचर्डला ते सहन होणं शक्यच नव्हतं. तो रंगमंचावर गेला आणि वैराग्य विंगेतच राहिलं. ऑर्गनवरच्या पोराने काय करायचं? तेच, जे चर्चमध्ये करायचं. मागे धावायचं.

याच दौऱ्यात लिव्हरपूलपलीकडच्या न्यू ब्रायटनला एका कार्यक्रमात चार स्थानिक मुलं होती, नाव बीटल्स; त्यांची पहिली रेकॉर्ड निघून आठवडा झाला होता. पुढच्या महिन्यात हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये तीच मुलं पुन्हा भेटली. त्यातल्या जॉर्ज हॅरिसनशी बिलीचं जमलं.

केबल हातात आहे ना? 22 जानेवारी 1969, लंडन, 3 सॅव्हिल रो. तळघरात उतरा.

इथे आपण जरा थांबणार आहोत. बीटल्सनी स्वतःसाठी बांधून घेतलेला स्टुडिओ निकामी निघालाय, ईएमआयकडून उसनी यंत्रसामग्री आणून काम भागवलंय. बारा दिवसांपूर्वी जॉर्ज तालीम सोडून निघून गेला होता. समजूत काढून परत आणलाय. रे चार्ल्सच्या एका कार्यक्रमाला तो गेला होता, तेव्हा ऑर्गनवर ओळखीचा चेहरा दिसला होता. बिली सध्या बीबीसीच्या कामासाठी लंडनमध्ये आहे. आज सहज डोकावलाय, जुन्या मित्रांना भेटायला. त्याला फेंडर ऱ्होड्सच्या विजेच्या पियानोवर बसवतात.

तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. पहिली काही मिनिटं तो गाणं समजून घेतोय: एखादा स्वरमेळ, एखादी तुटक जागा. आणि मग हात मोकळे होतात. जॉन मान वर करतो. पॉलच्या खांद्यांचा ताण सैल होतो. एवढ्यात बिलीने असं काय केलं? तीन आठवडे चौघांना जी जागा रिकामी वाटत होती, ती भरली.

पाहुणा आला की घरातली माणसं नीट वागतात, असं जॉर्जने पुढे याचं कारण सांगितलं. खरंच आहे, पण मला ते अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं साधं कामाचं आहे. नव्या रेकॉर्डसाठी त्यांनीच पण केला होता की सगळं एका दमात वाजवायचं, मागाहून भर घालायची नाही. पॉलच्या हातात बास, जॉन आणि जॉर्जच्या हातात गिटार, रिंगो ड्रम्सवर. मग पट्ट्यांवर बसणार कोण? त्यांना आणखी दोन हात हवे होते, आणि ते आपल्या पायाने चालत आले. जॉन तर याला गटातच घेऊ म्हणायला लागलाय. चौघांतच पुरेसा ताप आहे, असं पॉलचं उत्तर.

आठ दिवसांनी, 30 जानेवारीला, हे सगळं गच्चीवर चढवायचंय. ऱ्होड्सच्या एका टोकाला हात लावा. हॅमंड बी-3 असता तर पावणेदोनशे किलोंच्या वर भरला असता, तेव्हा कुरकुर करू नका. वर वारा बोचरा आहे. जॉनने योकोचा फरकोट चढवलाय, रिंगोने बायकोचा लाल रेनकोट. गारठलेल्या बोटांनी गिटार दाबवत नाही अशी जॉनची तक्रार. 'गेट बॅक'मध्ये बिलीची जागा येते. ऱ्होड्समध्ये छोटे हातोडे धातूच्या काड्यांवर पडतात, म्हणजे इथे ऑर्गनसारखं नाही, बोट जोरात पडलं की सूर कडक होतो. चर्चमध्ये पायाने जे करायचा ते आता बोटांनी करतोय. थोडेच सूर, मध्ये भरपूर हवा, आणि सूर पडतात ते ठेक्याच्या किंचित मागे, चालत्या गाडीत सावकाश चढणाऱ्या माणसासारखे. खाली रस्त्यावर गर्दी जमलीय, पोलीस जिना चढताहेत.

एप्रिलमध्ये 'गेट बॅक'ची रेकॉर्ड निघते. लेबल वाचा: द बीटल्स विथ बिली प्रेस्टन. सेशनवाल्याला ठरल्या तासांचे पैसे मिळतात आणि नाव मिळालंच तर बारीक अक्षरांत. इथे ते बीटल्सच्या ओळीत छापलंय.

पुढची वर्षं भराभर. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकरांनी जॉर्जला गळ घातली, त्यातून हा कार्यक्रम उभा राहिला. सतार-सरोद नुसते जुळवून होतात तोच टाळ्या पडतात, आणि रविशंकर हसून लोकांना चिमटा काढतात. नंतर बिलीची पाळी येते. स्वतःचं गाणं म्हणता म्हणता तो ऑर्गन सोडून उठतो आणि रंगमंचभर नाचत सुटतो. कुणी बसवलेलं नव्हतं ते. चर्चमध्ये मंडळी उठायची, इथे ऑर्गनवालाच उठला.

क्लॅव्हिनेट हे पट्ट्यांचं विजेचं वाद्य वा-वा पेडलला जोडून सहज वाजवलेलं 'आउटा-स्पेस' रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं गेलं, आणि 1972 मध्ये चाललं तेच, वर ग्रॅमी. 1973 आणि 1974 मध्ये त्याची स्वतःची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. मग जॉर्जबरोबर उत्तर अमेरिकेचा दौरा. पडद्यामागे जा, तिथे हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, अल्लारखाँ भेटतील, जरा घरच्यासारखं वाटेल. जॉर्जचा घसा बसलाय, लोक जुनी गाणी मागताहेत, आणि सभागृह खऱ्या अर्थाने उसळतं ते साथीदाराच्या गाण्यांना. जॉर्जला त्याचा राग नाही. उलट तोही नाचतोय.

1975 मध्ये रोलिंग स्टोन्सबरोबर. कार्यक्रमाच्या मध्यात दोन गाणी बिलीची, शेजारी मिक जॅगर कंबर हलवतोय. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या 'ब्लॅक अँड ब्लू'वर 'मेलडी' नावाचं गाणं आहे. रचना जॅगर-रिचर्ड्स, आणि प्रेरणा बिली प्रेस्टन असं छापलंय. प्रेरणेला रॉयल्टी असते का, हे तुम्हीच कुणाला तरी विचारा.

ऐंशी आणि नव्वदची दशकं मी ओलांडतो. कोकेन, खटले, तुरुंग. त्यात तुम्हाला दाखवण्यासारखं काही नाही. 2006 मध्ये तो गेला; त्याच्या महिनाभर आधी रेड हॉट चिली पेपर्सची रेकॉर्ड बाजारात आली, तिच्यातल्या एका गाण्यात त्याचं क्लॅव्हिनेट होतं, आणि तो नोव्हेंबरपासून बेशुद्ध होता.

आपण त्याच्या अलीकडे उतरू. 29 नोव्हेंबर 2002, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. जॉर्जला जाऊन वर्ष झालंय. सुरुवातीला रविशंकरांच्या मुलीने, अनुष्काने, त्यांची रचना सादर केली. आता एरिक क्लॅप्टनच्या गटात हॅमंडवर बिली आहे. त्याच वर्षी मूत्रपिंड बदललंय, तरी आवाज भरदार लागतोय. 'माय स्वीट लॉर्ड' तो गातो. हे गाणं जॉर्जचं म्हणून जग ओळखतं, पण जॉर्जची रेकॉर्ड नोव्हेंबर 1970 ची आणि बिलीची त्याआधी, सप्टेंबरची. गाणं घडताना बिली शेजारी होता. चाल उचलल्याचा खटला झाला तेव्हा न्यायाधीशांनी 1976 च्या निकालपत्रात त्याचं नाव घेतलं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हे सांगून बघा. तो ऐकणार नाही. उभा राहिलाय, टाळ्या वाजवतोय आणि बेसूर गातोय, आणि बिली त्यालाही ठेक्यात धरून पुढे नेतोय.