हिरवा म्हणजे 'जपून'

काही वर्षांपूर्वी माझी अम्मी गावाहून आमच्याकडे शहरात आली होती. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना चौकापलीकडे, हाकेच्या अंतरावर. आम्ही झेब्रा पट्ट्यांशी उभे राहिलो. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला, पण वळणाऱ्या गाड्या काही थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा अम्मीनं पाऊल टाकलं. ती मध्यावर पोचते न पोचते तोच दिवा पुन्हा लाल आणि चहूबाजूंनी हॉर्न. अम्मीनं एक हात माझ्या हातात दिला, दुसरा वर करून तळवा गाड्यांना दाखवला आणि कसाबसा रस्ता पार केला. पलीकडे गेल्यावर तिनं विचारलं, "अपने वास्ते कब लगती रे ये बत्ती?"

मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. पुढे सिग्नलचा इतिहास वाचला आणि चकित झालो. कारण जगातली पहिली बत्ती लागली तीच मुळी पायी चालणाऱ्यांसाठी.

ती गोष्ट लंडनची, १० डिसेंबर १८६८ची. मोटारी अजून जन्मायच्या होत्या. पण घोडागाड्यांची गर्दी इतकी, की पार्लमेंटसमोरचा रस्ता ओलांडणं सभासदांनाही जिकिरीचं झालं होतं. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वेतल्या अधिकाऱ्यानं उपाय सुचवला. आगगाडीला थांबवणारा सिग्नल रस्त्यावर आणावा! त्याप्रमाणे पार्लमेंटजवळ एक उंच खांब उभा राहिला. त्याला रेल्वेसारखे हात होते. हात आडवा झाला की थांबा, अर्धवट खाली आला की सावकाश जा. रात्री हात दिसत नसत, म्हणून वर लाल आणि हिरवा असे गॅसचे दिवे. खांबाशी एक पोलीस उभा राहून हे सगळं चालवत असे.

या सिग्नलसाठी पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी जाहीरनामा काढला होता. त्याचा आशय मुद्दाम सांगण्याजोगा आहे. 'थांबा'ची खूण केव्हा दाखवायची? पायी चालणाऱ्यांना पलीकडे जाऊ द्यायचं असेल तेव्हा. आणि दुसरी खूण? तिचा अर्थ 'जा' असा नव्हताच. तिचा अर्थ होता 'सावध'. गाडीवानानं पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देऊन, जपून पुढे जावं. म्हणजे रस्त्यावरचा पहिला हिरवा दिवा 'सुसाट सुटा' असं म्हणत नव्हता, 'जपून' असं म्हणत होता.

हे रंगही रेल्वेचेच. त्या काळी आगगाडीला लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. पण रात्री साधा कंदीलही पांढराच दिसायचा, त्यामुळे चालकांची फसगत होई. म्हणून एकोणिसावं शतक संपता संपता रेल्वेनं पांढरा काढला आणि मोकळ्या मार्गासाठी हिरवा नेमला. हिरव्याचा अर्थ असा बदलला, आणि पुढे रस्त्यावर आला तो हा बदललेला अर्थ.

लंडनच्या त्या खांबाचं आयुष्य मात्र जेमतेम महिनाभराचं ठरलं. जानेवारी १८६९मध्ये गॅसचा स्फोट होऊन दिवे चालवणारा पोलीस जबर जखमी झाला. प्रयोग गुंडाळला गेला.

मग मोटार आली. ऑगस्ट १८९६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीनं घेतलेला हा पायी चालणाऱ्याचा पहिला बळी. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, असं पुन्हा कधी न घडो, अशी आशा व्यक्त केल्याचं सांगतात. ती आशा किती फोल ठरली, हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो.

विजेवरचा सिग्नल अमेरिकेत रुजला. ५ ऑगस्ट १९१४ रोजी क्लीव्हलंड शहरात लाल-हिरवे दिवे लागले. रंग बदलण्याआधी घंटी वाजायची. चौकातल्या छोट्या खोलीत बसून पोलीस ते चालवत असे. अडचण एकच होती. 'जा' आणि 'थांबा' यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलिसानं चौकात मध्ये पिवळा दिवा बसवला.

याच क्लीव्हलंडमध्ये गॅरेट मॉर्गन नावाचा एक कृष्णवर्णीय संशोधक राहत होता. गुलामगिरी भोगलेल्या घरातला, शालेय शिक्षण थोडंच झालेला. १९२३ साली त्याला ज्या सिग्नलचं पेटंट मिळालं, त्यात एक वेगळी सोय होती. चारही दिशांची वाहनं एकाच वेळी थांबतील आणि पायी चालणारे निर्धास्त पार होतील, असा एक मधला क्षण. पुढे या पेटंटचे हक्क जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं विकत घेतले. रस्ता अर्धा ओलांडून झालेल्या माणसाची आठवण कुणीतरी ठेवली होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण त्याच दशकात वारं उलटही वाहत होतं. मोटारी वाढल्या, रस्त्यावर माणसं मरू लागली. दोष कुणाचा? मोटारवाल्यांच्या संघटनांनी उत्तर दिलं, की दोष चालणाऱ्याचा. अमेरिकी बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ. वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा तो 'जेवॉकर' ठरला. आधी त्याची टिंगल झाली, मग त्याच्यावर कायदा आणि दंड आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रस्त्यावर माणसं चालली, उभी राहून बोलली, पोरं खेळली, त्या रस्त्यावर ती एकाएकी उपरी झाली. हा शिक्का पुसायला शतक जावं लागलं. २०२४ साली न्यूयॉर्क शहरानं असा रस्ता ओलांडणं गुन्ह्यांच्या यादीतून काढलं. तिथे हा दंड बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांनाच होत होता.

दुसरी एक गोष्ट पूर्व बर्लिनची. १९६१ साली कार्ल पेग्लाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञानं पादचाऱ्यांच्या दिव्यासाठी टोपीवाला माणूस सुचवला. हिरवा माणूस ऐटीत चालतोय आणि लाल माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे. लहान मुलांना, वृद्धांना, ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही आकृतीवरून कळावं, हा हेतू. जर्मनी एक झाल्यावर हे दिवे काढायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी विरोध करून टोपीवाल्याला वाचवलं. आपल्याकडे मुंबईत २०२० साली दादर-माहीम भागातल्या सिग्नलवर स्त्रीची आकृती झळकली. दिव्यातलं माणूस आपल्यासारखं दिसलं, की दिवा आपला वाटतो.

आता नियमांचं बघा. १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार पिवळा म्हणजे थांबा. थांबरेषेच्या इतक्या जवळ आलात की सुरक्षित थांबताच येणार नाही, तरच पुढे जा. आपण मात्र पिवळा म्हणजे 'पळा' असं वाचतो. आपल्या नियमांतही गाडी थांबरेषेच्या अलीकडे उभी करायची आहे आणि पट्ट्यांवरच्या माणसाला वाट द्यायची आहे. अर्थात चालणाऱ्यालाही नियम आहेत. दिवा लाल असताना उतरू नये, पट्ट्या सोडून धावू नये. पण दोघांच्या चुकीची किंमत सारखी नसते. गाडीवाल्याची चूक पत्र्यावर निभावते, चालणाऱ्याची हाडावर.

शिवाय दिव्याचं गणितही तरुण पायांचं. अनेक देशांत माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून वेळ ठरवली गेली. वयाची पासष्टी ओलांडलेल्या बहुतेकांना हा वेग झेपत नाही, असं इंग्लंडमधल्या २०१२च्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेनं २००९ साली आपल्या नियमावलीत हा वेग कमी धरला. म्हणजे अम्मी चुकली नव्हती, हिशेब चुकला होता.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. चालणं हा हक्क आहे, हे न्यायालयाला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

अम्मी आता नाही. पण चौकात एखादी म्हातारी तळवा वर करून रस्ता ओलांडताना दिसली, की मला १८६८चा तो खांब आठवतो. त्याचाही हात असाच आडवा होत असे, चालणाऱ्यांसाठी. गॅसचे दिवे गेले, विजेचे आले, सेकंद मोजणारे आकडे आले. माझ्या अम्मीला मात्र शेवटी स्वतःचाच हात वर करावा लागला. उद्या तुमच्यासमोर दिवा हिरवा होईल, तेव्हा त्याचा पहिला अर्थ आठवा. पट्ट्यांवर अजून कुणी असेल, तर क्षणभर थांबा. ती बत्ती आधी त्यांच्यासाठी लागली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)